दोन जीवांच्या पोरीचं नाव वहीत आलंच पाहिजे

(संघटनेच्या महिला शिबिरात आम्ही तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. भट्टीवर, मजुरीवर गेल्यामुळे ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी लिहून देत आहोत. ज्याला वाचता येतं त्यानं पाड्यावर मोठ्यानं वाचून दाखवावं.)

आयांनो, बहिणींनो, आणि मागं झाडाखाली बसलेल्या भावांनो, जोहार! जिंदाबाद!

हा विषय निघाला की भाऊलोक उठतात आणि बिडी ओढायला जातात. बायकांचं आहे, आपलं काय काम, म्हणतात. आज कोणी उठू नका. पोरगी दोन जीवांची होते ती एकटीनं होत नाही. आणि तिच्या पोटात दाणा जात नाही हे काही तिच्या एकटीच्या नशिबाचं नाही.

आज बोलायचं आहे सोळा-सतरा-अठरा वर्षांच्या पोरींबद्दल, ज्यांना दिवस गेलेत. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या, विक्रमगड-डहाणूच्या पाड्यांत अशा पोरी आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारलाही ठाऊक आहे. २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांमागे जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर पोरींमागे सात-आठ जणी आई झालेल्या किंवा दोन जीवांच्या होत्या. हा आकडा अख्ख्या राज्याचा आहे, शहरं धरून. म्हणून कोणी आपल्याला मागास म्हणून बोट दाखवायचं कारण नाही. पण कोवळं वय आणि रिकामं पोट एकत्र आलं की जिवावर बेततं, आणि रिकामी पोटं आपल्याकडे जास्त आहेत.

आम्ही बोलणारे पाच जण आहोत, बारावीपर्यंत शिकलेले. वनहक्काच्या दाव्यांसाठी आम्ही घरोघर फिरलो, प्लॉट मोजले, कागद गोळा केले. फिरताना एक गोष्ट परत परत दिसली. घरात माणसं किती विचारलं की सासरा मोजून सांगतो, सहा. आत चुलीजवळ एक पोर बसलेली असते, पोट दिसतं, ती सातवी असते. तिला कोणी मोजत नाही. आजचं आमचं भाषण या सातव्या माणसाबद्दल आहे.

भूक कधी येते, कोणाला येते

आपल्याकडे भूक बारा महिने सारखी नसते, हे बायांना सांगायला नको. भात-नागली-वरई घरात आली की दिवाळीच्या पुढं दोन-तीन महिने बरे जातात. मग माणसं भट्टीवर जातात, भिवंडीला, वसईला, कल्याणकडे. होळीला आली तर आली, नाहीतर पाऊस पडताना येतात. आणलेले पैसे बियाण्याला, खताला, जुन्या उसनवारीला जातात. आषाढ-श्रावणात कणगी खरडून निघते. आवणीचं काम सगळ्यात जड, आणि त्याच महिन्यांत ताट सगळ्यात हलकं. त्या दिवसांत जिचं पोट सात-आठ महिन्यांचं असतं ती चिखलात वाकून भात लावते आणि घरी येऊन पेज पिते.

त्यात ताटाचा नंबर असतो. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, शेवटी नवी आलेली. नवी आलेली पोर मागून घेत नाही, तिला लाज वाटते. भाजी संपली असली तर मीठ-मिरची. हे कोणी दुष्टपणानं करतं असं आम्ही म्हणत नाही. सासूनंही तिच्या वेळेला असंच खाल्लं. पण सोळा वर्षांच्या पोरीचं अंग अजून वाढायचं असतं. तिच्या हाडांना पाहिजे, तिच्या रक्ताला पाहिजे, आणि पोटातल्यालाही तेच पाहिजे. एका भाकरीत दोन वाढणारे जीव. त्यात दोघंही अर्धवट राहतात. पोरीचं रक्त कमी होतं, बाळ अडीच किलोच्या खाली जन्मतं. १९९२-९३ साली आपल्याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत लेकरं मेली, देशभर बोंब झाली, मंत्री येऊन गेले. तेव्हापासून लेकरांची वजनं करायला काटे आले. लेकरू कमी वजनाचं जन्मलं कसं, तर त्याची आई उपाशी होती, आणि आई स्वतःच लेकरू होती. काटा तिथपर्यंत अजून नीट पोचला नाही.

रेशनचं बघा. माणशी पाच किलो धान्य महिन्याला. भागून बघा, दिवसाला दीडशे ग्रॅमच्या थोडं वर पडतं. तेही जिचं नाव कार्डात आहे तिला. पोरगी नवऱ्याच्या घरी आली, तिचं नाव बापाच्या कार्डात, नाहीतर तिथून कमी केलेलं आणि इथं चढलेलं नाही. म्हणजे तिच्या वाटणीचे पाच किलो या घरात येतच नाहीत, आणि खाणारं तोंड एक वाढलं. मग घरात तिच्याकडे कसं बघतात ते तिला कळतं.

मनाचं काय

आता दुसरी गोष्ट. ही जास्त अवघड आहे, कारण पोटाची भूक सांगता येते, हिला आपल्याकडे धड नाव नाही.

एका पाड्यावरची पोर, नाव सांगणार नाही, सतरा वर्षांची, सहावा महिना. सासू म्हणाली, आळशी आहे, सकाळी उठत नाही. नवरा म्हणाला, बोलत नाही, रुसते. शेजारीण म्हणाली, तिला बाहेरचं लागलंय, ओढ्यावर एकटी गेली होती. आमच्यातली एक जण तिच्याजवळ नुसती बसून राहिली, तांदूळ निवडत. खूप वेळानं ती म्हणाली, जीव कशातच लागत नाही, रात्री डोळा लागत नाही, आणि सारखं वाटतं मी नसते तर घरात एक ताट वाचलं असतं.

आयांनो, हे शेवटचं वाक्य नीट ऐका. यात भूक पण आहे आणि मन पण आहे. दोन्ही वेगळी करता येत नाहीत. पोट रिकामं असलं की झोप येत नाही, डोकं चालत नाही, उद्या काय खायचं याची धास्ती मनात घर करते. आणि मन मेलं की समोर भाकर असली तरी घास उतरत नाही, मग अंग आणखी खंगतं. डॉक्टर याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे. आळस नाही, नखरा नाही, आणि पोरगी वाईट आहे असंही नाही.

कोवळ्या पोरींना तो जास्त का होतो? शाळा सुटलेली असते, मैत्रिणी आश्रमशाळेत राहिलेल्या असतात. आई लांब. अंगात काय चाललंय ते कोणी सांगत नाही. बाळंतपणाची भीती. भट्टीवर असेल तर भोवती परकी माणसं, पालाची झोपडी, मुकादमाची उचल फिटेपर्यंत परत जाता येत नाही. आणि जिच्यावर जबरदस्ती झाली असेल तिचं तर बोलायलाच नको.

ओळखायचं कसं ते सांगतो. दोन आठवड्यांच्या वर रोज उदास राहते. बोलणं कमी झालं, आवडीचं काम सोडलं. झोप नाही किंवा सारखी झोप. खाणं सुटलं. विनाकारण रडते. बाळंत झाल्यावर पहिले थोडे दिवस रडू येणं बऱ्याच बायांना होतं, ते आपोआप जातं. पण दोन आठवडे झाले तरी थांबलं नाही, बाळाला घ्यायला नको म्हणते, तर ते आजारपण समजायचं. रक्त कमी असलं तरी अंग असंच गळून जातं, म्हणून रक्त तपासायचंच.

आणि ती जर म्हणाली की मला जगायचं नाही, तर हसण्यावारी नेऊ नका, ओरडू नका, एकटी सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध, उंदराचं औषध तिच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. त्याच दिवशी आशाताईला सांगा, दवाखान्यात न्या. १४४१६ हा सरकारी फुकट फोन आहे, मनाच्या आजारासाठी, मराठीत बोलतात. पाड्यावर रेंज नसेल तर टेकडीवर जाऊन लावा, पण लावा.

भगताचं विचाराल. ज्यांचा विश्वास आहे त्यांनी भगताकडे जावं. तो आपलाच माणूस आहे, धीर देतो, ते पण कामाचं आहे. फक्त त्याच्यापायी दवाखान्याचं पाऊल अडू नये. आमचं भगतांनाही सांगणं आहे, पोर आणली तर आधी विचारा, सकाळपासून काय खाल्लं.

नाव का नाही

आता मुद्द्याला येतो. इतक्या योजना आहेत, मग ताट का पोचत नाही? कारण पोरीचं नाव कुठंच नाही. अंगणवाडीच्या वहीत नाही, रेशनकार्डात नाही, दवाखान्याच्या कार्डावर नाही.

एक तर भट्टी. नाव गावातल्या अंगणवाडीत असलं तरी पोर सहा महिने भट्टीवर. तिथली अंगणवाडी म्हणते, तू आमच्या गावची नाहीस.

दुसरं, लग्नाचा दाखला. आपल्याकडे कितीतरी जोडपी आधी संसार लावतात, लग्न पुढं होतं. धवलेरी बोलवायची, जेवण घालायचं, पैसा जमेल तेव्हा. कधी आई-बापाचं लग्न पोरांच्या देखत लागतं. ही आपली रीत आहे, यात लाज नाही. पण कचेरीत विचारतात, दाखला कुठाय? नवऱ्याचं आडनाव आधारवर कुठाय?

तिसरं, आणि सगळ्यात मोठं, केसची भीती. अठराच्या आतल्या मुलांवरचे लैंगिक अत्याचार थांबवायला २०१२ चा कायदा आहे, त्याला पोक्सो म्हणतात. अठराच्या आतली मुलगी दिवस गेलेली दिसली की डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर त्याच्यावरच गुन्हा. लग्न लागलेलं असलं तरी सुटका नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ते सांगून टाकलं. मग घरचे घाबरतात. पोरगा एकोणीस-वीसचा, तो आत जाईल, कमावणारा हात जाईल. म्हणून पोरीला लपवतात. अंगणवाडीला सांगत नाहीत, तपासणीला नेत नाहीत, सुईणीच्या हातून घरीच बाळंत करतात. रक्त सात ग्रॅमच्या खाली गेलेलं कोणाला कळत नाही. अशी पोर रात्री रक्तस्रावानं अडली की झोळी करून रस्त्यापर्यंत आणेपर्यंत उशीर होतो.

यावर संघटनेचं म्हणणं तीन गोष्टींचं आहे.

पहिली, हा कायदा नको असं आम्ही म्हणत नाही. भट्टीवर मुकादमानं, शेठनं, शाळेतल्या कोणा मोठ्या माणसानं पोरीवर हात टाकला तर तिची ढाल हाच कायदा आहे. असली प्रकरणं पंचात बसून, पैसे घेऊन मिटवायची नाहीत. संघटना ते खपवून घेणार नाही.

दुसरी, केस होवो न होवो, पोरीचं ताट आणि दवाखाना अडवायचा हक्क कोणाला नाही. पोलिसांचा कागद येईपर्यंत थांबा असं म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. केस झालीच तर आदिवासीला आणि बाईला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. मुलीसाठी जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे, तिच्याकडे सोबतीचा मदतनीस माणूस मागता येतो. पोरीला एकटीला ठाण्यात बसवू नका. संघटनेची बाई सोबत जाईल.

तिसरी, संसार अठराच्या आत लावू नका. हे कोणाच्या धाकानं नाही सांगत. आता सांगितलं ते सगळं ज्या पोरीवर जातं ती आपली पोर आहे. पण जिला आज दिवस गेलेत तिला उद्याचा उपदेश ऐकवून उपाशी ठेवायचं नाही. उपदेश गावाला, ताट तिला.

कायद्यानं काय मिळतं

हे पाठ करा.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात लिहिलं आहे की प्रत्येक गरोदर बाईला आणि बाळंत झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत अंगणवाडीतून फुकट आहार मिळाला पाहिजे. तिथं वयाची अट नाही. लग्नाच्या दाखल्याची अट नाही. अंगणवाडीचा आहार वर्षात ३०० दिवस मिळायचा असतो.

आपल्या अनुसूचित भागात २०१५ पासून अमृत आहार आहे. अंगणवाडीत गरम ताट, भाकर किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, लाडू, अंडं. हे ताट तिथं बसून खायचं. डब्यात घरी आणलं की सगळ्या घरात वाटलं जातं आणि तिच्या वाटणीला परत तळाचं येतं. म्हणून सासवांनो, तिला दुपारी कामातून सोडा. तासाभरानं शेत पळून जात नाही.

पाडा लांब असेल तर दीडशे वस्तीलाही मिनी अंगणवाडी मागता येते. आणि सहा वर्षांखालची चाळीस पोरं असलेल्या वस्तीनं मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा हुकूम आहे.

दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, जेवण, गाडी सगळं फुकट आहे. गाडीला १०२ किंवा १०८. दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी असते. लोहाची लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, १८० दिवस. ती चहाबरोबर घेऊ नका, जेवणानंतर घ्या. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून पोरी फेकून देतात. गोळी फेकलेली दिसली तर आधी ताट बघा.

जननी सुरक्षेच्या पैशाला आधी एकोणीस वर्षांची अट होती, ती २०१३ साली काढली. मातृवंदनाचे पैसे मात्र अठराच्या आतल्या पोरीला अजून मिळत नाहीत. जिला सगळ्यात गरज तिलाच नाही. ही अट निघाली पाहिजे, ही आपली मागणी आहे.

कातकरी ही आदिम जमात आहे. कातकरी घराला अंत्योदयचं कार्ड आणि महिन्याला ३५ किलो मिळायला पाहिजे. ज्यांना मिळत नाही त्यांनी आज नाव लिहून द्या.

जमिनीचा काय संबंध

कोणी म्हणेल, आपली संघटना जमिनीची, हे काय काढलं. हे जमिनीचंच आहे.

एकसाली प्लॉट कसणाऱ्या आपल्या आजोबांचं नाव फॉरेस्टच्या कागदात नव्हतं, म्हणून ते अतिक्रमणदार ठरले. पीक मोडलं, दंड घेतला, विळे-कोयते जप्त केले. माणूस होता, राबत होता, फक्त वहीत नव्हता. मग २००६ चा वनहक्क कायदा आला आणि आपण नाव लावायला शिकलो. आज तीच गत या पोरीची आहे. ती आहे, राबते आहे, वहीत नाही.

आणि प्लॉट पक्का झाला की काय होतं ते ज्यांचा झाला त्यांना विचारा. बांध घातला, नागलीबरोबर तूर-उडीद लावला, परसात चवळी-दोडका लावला, की भट्टीचे दोन महिने कमी होतात. पोर गावात राहते, अंगणवाडी जवळ राहते. जंगल आपल्या हातात राहिलं की शेवळं, करटुली, बांबूचे कोंब, ओढ्यातले खेकडे-मासे ताटात येतात. गार्डच्या भीतीनं रान सुटलं की ताटात उरतो नुसता भात आणि मीठ.

आणखी एक. वनहक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावानं करायचा, असं कायद्यातच आहे. आपल्याकडे अजून नुसतं पुरुषाचं नाव टाकून फॉर्म भरतात. बायकोचं नाव लावा. जिचं नाव जमिनीवर आहे तिला घरात कोणी जास्तीचं तोंड म्हणणार नाही, आणि तिच्या मनातही येणार नाही की मी नसते तर एक ताट वाचलं असतं.

आता काय करायचं

एक. प्रत्येक पाड्यानं दोन बाया नेमायच्या, एक म्हातारी, एक तरुण. दोन जीवांची प्रत्येक पोर त्यांना माहीत पाहिजे. वही संघटनेची, नाव गावाबाहेर जाणार नाही.

दोन. त्या बायांनी आठवड्यातून एकदा घरी जाऊन बसायचं. विचारायचं तीन गोष्टी: काय खाल्लं, झोप लागते का, मनात काय चाललंय. उपदेश करायचा नाही, ऐकायचं.

तीन. रेशनकार्डात नवीन आलेल्या सुनेचं नाव चढवायचं. तहसीलला एकेकटं जायचं नाही. सगळ्यांचे अर्ज एका दिवशी घेऊन मोर्चानं जाऊ, आणि पोच घेऊ.

चार. भट्टीवर जाण्याआधी अंगणवाडीताईकडून चिठ्ठी घ्यायची, किती महिने झाले, काय दिलं. ती चिठ्ठी भट्टीजवळच्या अंगणवाडीत दाखवायची. नाही म्हणाले तर संघटनेला फोन. दिवस गेलेल्या पोरीच्या नावावर मुकादमाकडून उचल घ्यायची नाही.

पाच. ग्रामसभेत ठराव करायचा की पेसाचा जो निधी ग्रामसभेला येतो त्यातून आषाढ ते भादवा या महिन्यांत दोन जीवांच्या आणि बाळंत बायांसाठी डाळ, तेल, अंडी जास्तीची द्यावीत. रस्त्याच्या गटाराला पैसे निघतात, याला पण निघाले पाहिजेत.

सहा. अंगणवाडीताईला आणि आशाताईला शत्रू समजू नका. त्यांचं मानधन वेळेवर येत नाही, साहित्य येत नाही. त्यांच्या मागण्यांच्या मोर्चाला आपण जायचं आणि आपल्या ग्रामसभेला त्यांनी यायचं.

शेवटचं बोलतो. आपले दावे कचेरीत वर्षानुवर्षं पडले. आपण चकरा मारल्या, उपोषणं केली, थांबलो. जमीन थांबली, ती कुठं जात नव्हती. या पोरीचं पोट नऊ महिन्यांच्या वर थांबणार नाही. म्हणून बाकी सगळे दावे चालू राहू देत, हा दावा या आठवड्यात निकाली काढायचा. आज शिबिरातून जाताना प्रत्येक पाड्यानं दोन बायांची नावं लिहून द्या, मग जेवायला बसू.

जल, जंगल, जमीन आमची! ताट आमच्या पोरींचं!

जिंदाबाद!